भूल देण्याआधी

पहिलं इंजेक्शन मी दिलं तेव्हा अक्का खुर्चीत डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या आणि मी ते पेनसारखं इंजेक्शन हातात धरून उभी होते. सोमवार होता. अण्णा सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेले होते. खालच्या खोलीत बायका भाकऱ्या थापत होत्या, त्यांचा थपथप आवाज जिन्यातून वर येत होता. आणि माझ्या स्वयंपाकघराचं दार लावून आम्ही दोघी जावा चोरी करायला बसल्यासारख्या कुजबुजत होतो.

"झालं?" अक्कांनी विचारलं.

"अजून टोचलंच नाही."

"मग टोच की. किती वेळ असं पोट उघडं टाकून बसू?"

डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं मी पेन पोटाला टेकवलं, मागची कळ दाबली आणि मनात सहापर्यंत मोजलं. सुई बाहेर काढली तेव्हा रक्ताचा थेंबसुद्धा आला नव्हता. अक्कांनी एक डोळा उघडून बघितलं आणि हसल्या. मुंगी चावली तर याहून जास्त कळतं, म्हणाल्या. मग ते पेन आम्ही कोथिंबिरीच्या डब्यात घालून माझ्या फ्रिजमध्ये मागं सारून ठेवलं.

नीलांबिका हे अक्कांचं नाव. माझी थोरली जाऊ. सोलापुरात आमच्या घराच्या तळमजल्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा जो व्यवसाय चालतो, तो त्यांनी एकटीनं उभा केलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा दोन बायका होत्या, नंतर नऊ झाल्या. अक्का स्वतः परातीशी बसायच्या. त्यांच्यासारखी पातळ भाकरी कुणाची व्हायची नाही. उजेडाला धरली तर पलीकडची चूल दिसायची. पण पंचेचाळिशीनंतर वजन वाढत गेलं, गुडघे गेले, साखर निघाली. एकदा बसल्या की त्यांना एकटीनं उठता यायचं नाही. दोन बायका दोन्ही हात धरून त्यांना उठवायच्या. बायका हसायच्या नाहीत, उलट फार जपून उठवायच्या, आणि तेच अक्कांना सहन व्हायचं नाही.

डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर मीच गेले होते. त्यांनी सगळं तपासून आठवड्यातून एकदा घ्यायचं हे इंजेक्शन लिहून दिलं. साखरही उतरेल, वजनही उतरेल, म्हणाले. पेनवरच्या सगळ्यात लहान आकड्यापासून सुरुवात करायची, महिन्यानं येऊन दाखवायचं, मगच पुढचा आकडा. मळमळेल, थोडी उलटी होईल, पण पोटात जोरात दुखलं तर लगेच यायचं. आणि कुठल्याही कारणानं दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर हे चालू आहे असं त्यांना सांगायचं. मी सगळं नीट ऐकलं होतं. अक्कांनीही ऐकलं होतं.

अडचण अण्णांची होती. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर, मल्लिनाथ. तसा माणूस शांत. पण त्यांच्या आईला साखर होती. पाय काळा पडल्यावर तिला इंजेक्शनं सुरू केली आणि अकरा महिन्यांत ती गेली. तेव्हापासून साखरेचं इंजेक्शन म्हणजे शेवट, हे अण्णांच्या मनात जे बसलं ते बसलं. आमच्या घरात कुणी सुई घ्यायची नाही, गोळ्यांवर भागवायचं, असं त्यांनी अक्कांना स्पष्ट सांगून ठेवलं होतं. म्हणून सोमवार, म्हणून माझं स्वयंपाकघर, म्हणून कोथिंबिरीचा डबा. आमचे हे ट्रकवर असायचे, महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. वर मी एकटीच.

पहिल्या महिन्यात चार किलो उतरले. मळमळ व्हायची, पण अक्का लिंबाची फोड तोंडात धरून खाली बसायच्या. दुसऱ्या महिन्यात एक दिवस मी चटणीच्या शेंगा भाजत होते आणि अक्का परातीपासून उठल्या. एकट्याच. एक हात जमिनीला, एक गुडघ्याला, आणि उभ्या. सगळ्या बायकांचे हात थांबले. अक्का कुणाकडे न बघता पाणी प्यायला गेल्या, पण माठापाशी त्यांनी पदरानं डोळे पुसले ते मला दिसलं.

तो दिवस मला आजही आठवतो, कारण त्यानंतर त्या डॉक्टरांकडे गेल्याच नाहीत. तीच जुनी चिठ्ठी दाखवून त्या औषधाच्या दुकानातून पेन आणायच्या. आणि एका सोमवारी मला म्हणाल्या, "आकडा वाढव."

"डॉक्टरांना विचारायला नको?"

"डॉक्टर काय सांगणार? वाढव म्हणूनच सांगणार. फिरव."

मी कळ फिरवली. पुढच्या महिन्यात परत फिरवली. नको म्हणाले असते तर त्यांनी ऐकलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी म्हणाले नाही.

मग हळूहळू त्यांचं खाणं बंदच झालं. अर्धी भाकरी, दोन घास भात. शेंगा भाजल्याचा वास त्यांना सहन होईना. ज्या वासात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, त्या वासानं त्या तोंडाला पदर लावून वर माझ्याकडे पळून यायच्या आणि बेसिनपाशी ओणव्या व्हायच्या. त्यांना ढेकर यायचे, सडक्या अंड्यासारखे. सकाळी खाल्लेलं संध्याकाळी तसंच्या तसं उलटून पडायचं. गालाची हाडं दिसायला लागली. ओळखीच्या बायका विचारायच्या, काय करता हो, किती छान बारीक झालात. अक्का सांगायच्या, रात्रीचं जेवण सोडलंय. अण्णांना वाटायचं, गोळ्यांचा गुण आला.

खालच्या खोलीचं काम माझ्याकडे आलं. पीठ किती मळायचं, कुणी कुठली चूल घ्यायची, पुण्याचा माल कधी पाठवायचा, सगळं मी बघू लागले. दुकानदार मलाच फोन करायचे.

पाचव्या महिन्यात दुपारी जेवणं झाल्यावर अक्का पोट धरून जिन्यातच बसल्या. घाम इतका की पोलकं भिजलं. उजव्या बरगडीखालून कळ निघून पाठीत जात होती. अण्णांनी रिक्षा बोलावली. दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि पित्ताशयात खडे निघाले. सूज होती, इंजेक्शन-सलाईननं ती उतरली. पण खडे आहेत तोवर हे पुन्हा होणार, दुर्बिणीनं पित्ताशय काढून टाकू, म्हणाले. दहा दिवसांनी सकाळची वेळ मिळाली.

मधला सोमवार आला तेव्हा मला वाटलं, आता तरी अक्का नको म्हणतील. त्यांनी पोलकं वर केलं. ऑपरेशनच्या तीन दिवस आधीचा तो सोमवार. मी टोचलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही भरती झालो. भूल देणाऱ्या डॉक्टर खोलीत आल्या, फडणीस नाव. साठीच्या, बारीक, पांढरे केस मागं घट्ट बांधलेले. त्यांनी अक्कांच्या पलंगाशी स्टूल ओढून एकेक प्रश्न विचारला. दात हलतात का, दमा आहे का, आधी कधी भूल दिली होती का. मग औषधं.

"साखरेची एक गोळी," अक्का म्हणाल्या.

"आणखी काही? आयुर्वेदिक, काढा, वजनासाठी काही? कसलं इंजेक्शन?"

अण्णा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते.

"नाही," अक्का म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. मग सांगितलं की सात वाजता हलकं खा आणि त्यानंतर काही नाही. भूल दिल्यावर घशाची राखण सुटते. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुफ्फुसात उतरतं. "तसं झालं तर आमच्या हातात फार काही उरत नाही," त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "म्हणून एवढं विचारते."

अण्णा त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले तेवढ्यात मी अक्कांच्या कानाशी वाकले. म्हटलं, मी त्यांना बाहेर गाठून गुपचूप सांगते, अण्णांना कळणार नाही. अक्कांनी माझं मनगट धरलं. हातात हाडंच उरली होती, पण पकड अशी की मला सुटता येईना.

"कागदावर येईल. कागद त्यांच्या हातात जाईल. पाच महिने मी त्यांच्याशी खोटं बोलले हे त्यांना असं कळायला नको. हे झालं की मी स्वतः सांगते."

"पण अक्का, त्या म्हणाल्या..."

"मी उपाशी राहणार आहे ना? मग पोट रिकामंच असणार. शांभवीच्या गळ्याची शपथ आहे तुला."

शांभवी त्यांची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. माझ्या मांडीवर वाढलेली. तिच्या नावाची शपथ घातल्यावर मी डॉक्टरांच्या मागं गेले नाही.

सात वाजता अक्कांनी चार चमचे मुगाची खिचडी खाल्ली. त्यानंतर पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही, मी रात्रभर शेजारीच होते.

सकाळी आठला त्या तोंड धुवायला उठल्या. मी मागं टॉवेल घेऊन उभी. त्या एकदम वाकल्या आणि बेसिनमध्ये उलटी झाली. फार नव्हती. पण त्यात मेथीची पानं होती. हिरवी, मी चिरली होती तेवढीच मोठी. मेथीची भाजी मी आदल्या दिवशी दुपारी घरी केली होती. म्हणजे अठरा-वीस तास झाले होते. संध्याकाळ, खिचडी, रात्र, सगळं ओलांडून ती पानं तशीच पोटात बसून होती.

अक्कांनी नळ सोडला. पानं जाळीपाशी फिरली आणि गेली. आरशात त्यांनी माझ्याकडे बघितलं. दारातून सिस्टरनं विचारलं, उलटी झाली का? अक्का म्हणाल्या, थुंकी टाकली.

मला शिक्षण बारावीपर्यंतचं, डॉक्टरी काही कळत नाही. पण काल संध्याकाळी त्या बाईंनी सांगितलेलं आणि आत्ता बेसिनमध्ये बघितलेलं, या दोन गोष्टी जोडायला डॉक्टर असावं लागत नाही. पोट रिकामं नव्हतं. वर काय येणार आणि कुठं उतरणार, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

साडेनऊला ट्रॉली आली. अक्कांना हिरवा झगा घातला, बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. गळ्यातलं इष्टलिंगही काढून कापडात बांधून दिलं. ते अण्णांनी छातीशी धरलं. आम्ही ट्रॉलीबरोबर चालत त्या मोठ्या दारापर्यंत गेलो. अक्का आडव्या पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होत्या. दार उघडलं, ट्रॉली आत गेली, दार मिटलं. वरचा लाल दिवा लागला.

अण्णा बाकावर बसले आणि डोळे मिटून ओठातल्या ओठात जप करू लागले. मी उभीच. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. त्यात नऊ अडतीस झाले होते. माझ्या तळव्यांना घाम सुटला होता, अक्कांच्या बांगड्या हातात चिकटल्या होत्या. आतून कसलातरी टीं टीं आवाज येत होता. मी एक पाऊल पुढं टाकायची आणि थांबायची. नऊ एकोणचाळीस. नऊ चाळीस. आतून कुणीतरी हसल्याचा आवाज आला आणि मग एकदम शांत झालं.

नऊ एकेचाळीसला मी दार ढकललं. आतल्या सिस्टरनं दोन्ही हात आडवे धरले, चपला, चपला, म्हणत राहिली. मी तिला बाजूला सारून मोठ्यानं म्हणाले, "भूल देऊ नका. त्यांच्या पोटात अन्न आहे."

डॉ. फडणीस तोंडाचा मास्क खाली करत बाहेर आल्या. तोवर अण्णाही उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. मी त्यांच्याकडे पाठ ठेवूनच सगळं सांगितलं. कुठलं इंजेक्शन, कितवा आकडा, किती महिने, शेवटचं कधी. सकाळची मेथी.

"तीन दिवसांपूर्वी?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"कोणी दिलं?"

"मी."

त्या आत गेल्या. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं त्या दारासमोर उभे होतो. अण्णांचा जप थांबला होता. मग डॉक्टर परत आल्या आणि त्यांनी सांगितलं की पोटावर सोनोग्राफी लावून बघितली, पोट भरलेलं आहे. नाकातून नळी घालून काढलं तर तांब्याभर निघालं. या औषधानं पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो, उपास केला तरी अन्न पडून राहू शकतं. आकडा असा भराभर वाढवल्यावर तर जास्तच. आणि इतक्या झपाट्यानं वजन उतरलं की पित्ताशयात खडेही होतात. आज ऑपरेशन करणार नाही. औषध थांबवून तीन-चार आठवड्यांनी बघू.

"भुलीचं औषध सिरिंजमध्ये भरून माझ्या हातात होतं," त्या म्हणाल्या आणि वळून आत गेल्या.

तेव्हा अण्णा पहिल्यांदा बोलले. मला वाटलं, आता ओरडतील. ते बाकावर बसले, कापडात बांधलेलं लिंग दोन्ही हातांत धरून. म्हणाले, "मला सांगायची एवढी भीती वाटली तुम्हांला?" हे त्यांनी मला विचारलं की स्वतःला, मला कळलं नाही.

ट्रॉली बाहेर आली तेव्हा अक्का जाग्याच होत्या. नाकात नळी, घसा बसलेला. त्यांनी अण्णांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

पुढं सगळं नीट झालं. चार आठवड्यांनी ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी अक्का घरी आल्या. नंतर अण्णा स्वतः त्यांना पहिल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी बरंच सुनावलं आणि तपासण्या करून तेच इंजेक्शन पुन्हा लहान आकड्यापासून सुरू केलं. आता महिन्याच्या महिन्याला दोघं बरोबर जातात. वजन थोडं परत आलं आहे, पण अक्का परातीपासून एकट्या उठतात. शेंगांचा वासही आता त्यांना चालतो.

माझ्याशी मात्र त्या दोन महिने बोलल्या नाहीत. काय हवं-नको ते शांभवीच्या तोंडून कळायचं. मग एक दिवस खालून नेहमीसारखी हाक आली, "नंदा, पीठ सैल झालंय, बघ जरा," आणि अबोला संपला. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. सहा वर्षं.

गेल्या संक्रांतीच्या आधी आम्ही दोघी गच्चीवर ज्वारी निवडत बसलो होतो. शांभवी बाळंतपणाला आली होती, खाली झोपली होती. अक्का सुपात बघतच म्हणाल्या,

"त्या दिवशी आत मी दाराकडे कान लावून पडले होते. त्या बाईंना सांगायला दोनदा तोंड उघडलं. हे बाहेर बसलेत एवढंच आठवायचं आणि शब्द फुटायचा नाही. वाटायचं, नंदा येईल. आता येईल. डोक्यावर घड्याळ होतं. तीन मिनिटं झाली." त्या थांबल्या. "तीन मिनिटं तू कशाचा विचार करत होतीस?"

आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी शपथेचा विचार केला होता. अण्णांचाही केला होता. पण त्या तीन मिनिटांत आणखी एक गोष्ट माझ्या मनात येऊन गेली होती, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, आमच्या ह्यांनाही नाही. अक्का आजारी पडल्यापासून खालची खोली माझी झाली होती. बायका माझ्या तोंडाकडे बघून कामाला लागायच्या. दुकानदार माझं नाव घ्यायचे. मला ते आवडायला लागलं होतं. म्हणून दर सोमवारी मी कळ फिरवताना गप्प राहिले होते. आणि त्या बंद दारासमोर, हातात अक्कांच्या बांगड्या घेऊन उभी असताना मला वाटलं होतं की मी काहीच केलं नाही, नुसती उभी राहिले, तर ती खोली माझीच राहील. शपथ पाळली म्हणून मला कुणी बोलणारही नाही. किती वेळ तो विचार होता, सांगता येणार नाही. दोन श्वासांएवढा असेल. पण मी तो पूर्ण केला होता, अर्ध्यात झटकला नव्हता. मग माझीच मला इतकी भीती वाटली की मी दार ढकललं.

"शपथेचा," मी म्हणाले.

अक्कांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला माझ्या मांडीवरच्या सुपातले दाणे दिसेनासे झाले.

"मलाही तसंच वाटलं होतं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.